बाळंतिणीच्या उशाशी पवनचक्की

रोहा,
७ जुलै २०२५

चि. नमिता,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी आकडे पाहू.

चिंचखार उपकेंद्राचे जूनचे आणि जुलैच्या पहिल्या पाच दिवसांचे नोंदतक्ते ताजुद्दीनने काल आणून दिले. मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुझे अक्षर लागले, दुसऱ्या वाचनात संताप आला. बॅटरीच्या रकान्यात तू चार ठिकाणी 'अंदाजे' लिहिले आहेस. मीटरवर आकडा असतो, नमिता. अंदाज पावसाचा करावा.

ही यंत्रणा मी स्वतः आखली आहे. उपकेंद्राच्या गच्चीवर आठ सौर पॅनेल, प्रसूतिकक्षाच्या बरोबर वर तीन पात्यांची पवनचक्की आणि दोन्हींची वीज साठवणारी बॅटरी. उन्हाळ्यात भार सूर्याने उचलायचा, पावसाळ्यात वाऱ्याने. जुलैत खारपाटात सूर्य दिसत नाही आणि गावची लाइन दोन-दोन दिवस जाते, हे मला कोणी सांगायला नको; मी त्याच गावात कंदिलाखाली शिकले. पण याच दिवसांत खाडीवरचा वारा थांबत नाही, म्हणून तर पवनचक्की.

मग हे काय आहे? १४ जूनच्या सकाळपासून १६ जूनपर्यंत एकोणपन्नास तास पवनचक्की फिरलेली नाही. ३ जुलैच्या संध्याकाळपासून पुन्हा एक्कावन्न तास. दोन्ही वेळा बॅटरी तळाला गेली आणि यंत्रणा बंद पडली. जिल्ह्याच्या कार्यालयाची अट तुला पाठ आहे: ३१ ऑगस्टपर्यंत यंत्रणा तीनदा बंद पडली, तर चिंचखारचा प्रसूतिकक्ष बंद आणि सगळी बाळंतपणे पेणला. दोन वेळा झाल्या. एक उरली आहे.

हे फोनवर विचारता आले असते. पण फोनवर माणसे गोल बोलतात आणि आठवड्याने स्वतःचेच बोलणे विसरतात. कागदावरचे वाक्य जागचे हलत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला दोन महिने प्रवास नाही. ताजुद्दीन दर आठवड्याला देखभालीसाठी निडीहून तुमच्याकडे येतोच; तोच आपला टपालवाला. कुवेतमध्ये सतरा वर्षे विजेची कामे केलेला माणूस आहे. पवनचक्कीच्या बेअरिंगमध्ये दोष असावा असे माझे मत आहे. त्याला तपासू दे. पात्यांचे तोंड वाऱ्यापासून वळवून चक्की थांबवणारी जी दोरी खाली आणली आहे, तीही नीट आहे का पाहू दे. ती दोरी फक्त वादळासाठी आहे.

आशीर्वाद.

नूतनआत्या

*

उपकेंद्र, चिंचखार (ता. पेण),
१२ जुलै

ती. नूतनआत्यास नमस्कार.

पत्र मिळालं. यापुढे 'अंदाजे' लिहिणार नाही. तुम्ही पुण्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं पेपर तपासलेत हे आम्ही विसरतो, आणि तुम्ही विसरता की मी एका हाताने बाळाची नाळ कापत असताना दुसऱ्या हाताने मीटर वाचत असते. रागावू नका. तुमच्याशिवाय असं बोलायला मला कोण आहे?

ताजुद्दीनभाईंनी सगळं तपासलं. बेअरिंग ठीक आहे. तेल घातलं, दोरी जुनी झाली होती ती बदलली. चक्की थांबली त्या दिवसांत वारा पडला असावा, असं मला वाटतं. आपल्याकडे मध्येच पडतो.

खरं सांगायचं तर आम्ही खूश आहोत. जूनपासून चार बाळंतपणं झाली. पूर्वी मी तोंडात टॉर्च धरून टाके घालत असे. आता बाळाला ऊब देणारा वॉर्मर लाल होऊन तापतो तेव्हा मिठागरातल्या बाया दाराशी उभ्या राहून बघतात. गोदूबाई तर म्हणते, "आमच्या टायमाला पोर चुलीपाशी ठेवायचो. ही तुझी लाल चूल बरी हाय गो, धूर नाय." तुम्हाला गोदूबाई आठवत असेल, साऱ्या गावाची सुईण. वय शहात्तर, पण अजून ती उशाशी बसल्याशिवाय इथली एकही बाई खाटेवर आडवी होत नाही. सरकारदरबारी तिची नोंद नाही. माझ्या दृष्टीने हे उपकेंद्र तिच्यामुळेच चालतं.

आणखी एक. आपल्या प्रणितच्या बायकोला, किमयाला, ऑगस्टची वीस तारीख दिली आहे. दोन वर्षांपूर्वी वडखळच्या नाक्यावर, गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या जीपमध्ये तिचं पहिलं बाळ गेलं. त्या जीपमध्ये मी होते. माझ्याजवळ सगळं होतं आत्या, हातमोजे, कात्री, इंजेक्शन. फक्त जागा आणि उजेड नव्हता. किमया आताच सांगून बसली आहे, "वन्सं, मी पेणला जाणार नाय. तुमच्याच खाटेवर." म्हणून तुमच्याइतकीच ती तिसरी वेळ मीही मोजते आहे.

तुमची
नमिता

*

रोहा,
१५ जुलै

चि. नमिता,

तू माझ्याशी खोटे बोललीस.

पवनचक्कीच्या खांबावर पात्यांच्या खाली एक लहान वाट्यांचे चक्र आहे. ते वीज करत नाही, केवळ वाऱ्याचा वेग मोजते. १४ जूनला वारा पडला नव्हता; दिवसभर पाने झोडपत होता. ३ जुलैला त्याहून जास्त होता. आणि ताज्या तक्त्यात मला आणखी एक खंड सापडला: ९ ते ११ जुलै, सेहेचाळीस तास. त्या वेळी उघाडी होती म्हणून पॅनेलनी तारले, नाही तर तिसरी वेळ तेव्हाच झाली असती. वारा वाहतो आहे, बेअरिंग शाबूत आहे आणि चक्की उभी आहे, याचा अर्थ एकच: कोणीतरी दोरी ओढते.

उपकेंद्राला लागूनच तुझी राहण्याची खोली आहे. चक्कीची घरघर भिंतीतून ऐकू येत असणार. झोप मोडते म्हणून तू ती थांबवत असशील, तर मी तुला काय म्हणावे? किमयाचे नाव घेऊन तू मला पत्र लिहितेस आणि त्याच हाताने दोरी ओढतेस? गावातल्या कोणा अडाण्याचा हा उद्योग असेल, तर त्याला आवरणे हे तुझे काम होते. मी ते गाव सोडले ते उगाच नाही.

ताजुद्दीनबरोबर कुलूप पाठवले आहे. दोरीचे टोक पेटीत बंद होईल आणि किल्ली त्याच्यापाशी राहील. या सगळ्या प्रकरणात विश्वास ठेवावा असा तोच एक माणूस दिसतो.

आशीर्वाद पुढच्या पत्रात, खरे उत्तर आल्यावर.

नूतन

*

चिंचखार,
२१ जुलै

नूतनआत्यास,

खरं उत्तर घ्या.

दोरी गोदूबाई ओढते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमचे तीन खंड आणि माझ्या प्रसूती रजिस्टरातल्या तारखा शेजारी ठेवा: १४ जून, गोदूबाईच्या पुतणीला मुलगा. ३ जुलै, दोन बाया एकाच संध्याकाळी. ९ जुलै, मिठागरातल्या कामगाराची सून. बाई आत आली की चक्की थांबते, दोन दिवसांनी घरी गेली की सुटते. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, एवढंच तिचं शास्त्र. कानाला फडकं, खिडकी बंद, आणि डोक्यावर हा एवढा वाऱ्याचा राक्षस बसवलाय आत्यांनी! "जल्ला तो पंखा, बाळंतिणीच्या उशाशी कुनी पंखा बसवतं का?" हे तिचे शब्द. मी समजावलं. पंखा वारा सोडत नाही, वारा पंख्याला फिरवतो, हे चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "चित्र बरं काढलंस. पन पंखा आला तवापासून उशाशी वारा येतोय, तो काय चित्रातून येतो?" आणि खाटेच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात वर चिंध्या कोंबून ठेवल्या.

मी गप्प बसले, कारण चक्की थांबली तर बाया येतात आणि फिरली तर येत नाहीत. बॅटरी दोन दिवस पुरेल असा माझा हिशेब होता. दोनदा चुकला. वारा पडल्याचं मी खोटं लिहिलं, त्याची माफी मागते. झोपेचा आरोप मात्र परत घ्या. मला जूनपासून सलग चार तास झोप मिळालेली नाही.

आता तुमच्या कुलपाचं ऐका. १९ तारखेला सकाळी नम्रता आली, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. बरोबर सासू. वर चक्की जोरात फिरत होती. सासूने अंगणातूनच वर बघितलं. गोदूबाई पेटीपाशी गेली, कुलूप हातात धरलं आणि मला म्हणाली, "काय गो सिस्टर, वाऱ्याला कुलूप लावतात का?" मी ताजुद्दीनभाईंना फोन लावला, ते नागोठण्यात होते, यायला तासभर. सासू म्हणाली, "वर ता गरगरतंय आन् खाली मी सून झोपवू? मना नातू पायजे." टेम्पोत घालून पेणला निघाल्या. मी मागोमाग धावले, टेम्पोत चढले. वडखळच्या अलीकडे, खड्ड्यांच्या रांगेत, मुलगी झाली. आई ठीक आहे. मुलगी थंड पडली होती. पेणच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत दोन दिवस होती, आज आईकडे दिली. वाचली. पण त्याच रस्त्यावर, आत्या. त्याच रस्त्यावर.

परत आल्यावर मी दगडाने कुलूप फोडलं. तुकडे ताजुद्दीनभाईंकडे दिलेत.

तुमचा तो एकुलता एक विश्वासू माणूस! घसरत नाही अशी नायलॉनची नवी दोरी गोदूबाईला त्यांनीच बांधून दिली. मी विचारलं, मॅडमना का नाही सांगितलंत? म्हणाले, "मॅडमनी विचारलं, पंखा बिघडलाय का? मी लिवलं, नाय. दोरी कोन ओढतं ते विचारलंच नाय. आन् खरं सांगू का सिस्टर, आमची पोरगी जिकरा झाली तवा मी सुट्टीवर व्हतो. आमनानं चाळीस दिवस खिडकी उघडू दिली नाय. कुवेतला दुनियेचे एसी बसवले मी, आन् स्वतःच्या घरात पंख्याच्या बटनाला हात लावायची टाप नव्हती. गोदूबाईला मी काय शिकवनार?"

जूनपासून उपकेंद्रात झालेल्या चारही बाळांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. वजन, वेळ, तापमान. एकही आकडा अंदाजे नाही.

नमिता

*

रोहा,
३० जुलै

चि. नमिता,

नऊ दिवस मी उत्तर लिहिले नाही. पहिले तीन दिवस रागात गेले. चौथ्या दिवशी अंधश्रद्धेवर चार पानी टिपण लिहिले. भाषा निर्दोष होती. पाचव्या दिवशी ते फाडले, कारण तुझ्या जोडपत्रातला एक आकडा मला बसू देईना.

वॉर्मर चालू असतानाही चारपैकी दोन बाळांचे तापमान साडेछत्तीस अंशांच्या खाली आहे. ३ जुलैच्या दोघांचे नाही. दोन बाया एकदम असल्यामुळे तू त्या दिवशी वॉर्मर दुसऱ्या भिंतीकडे सरकवला होतास, अशी तुझीच बारीक अक्षरातली टीप आहे. वॉर्मर तोच, खोली तीच. बदलला तो कोपरा. आणि तुझ्या पत्रात, गोदूबाईच्या तक्रारीतही, तोच कोपरा.

मी माझा आराखडा काढला. चक्कीची तार गच्चीवरून खोलीत आणण्यासाठी छताखाली भिंतीला भोक पाडून दोन इंची नळी घालावी, असे मी लिहिले आहे. तार बोटाएवढी. नळीची उरलेली जागा कशाने बुजवायची ते लिहिलेले नाही. चार वेळा पाहिले. नाही. नळीचे बाहेरचे तोंड नैर्ऋत्येला आहे; पावसाळ्यातला सगळा वारा तिथूनच येतो.

निष्कर्ष मी आत्ता काढत नाही आणि तूही काढू नकोस. पुढीलप्रमाणे कर. खिडक्या-दार बंद कर. गोदूबाईच्या चिंध्या काढ. नळीच्या तोंडापासून एक वीत खाली उदबत्ती धर आणि धूर कुठे जातो ते पाहा. एकदा चक्की फिरत असताना, एकदा थांबवून. मग तळवा भिंतीला लावून कंप जाणवतो का ते पाहा, पुन्हा दोन्ही वेळा. जे दिसेल ते लिही. जे वाटेल ते लिहू नकोस.

झोपेविषयीचे वाक्य मी परत घेते. कुलपाविषयी काय लिहावे ते मला अजून सुचलेले नाही. नम्रताच्या मुलीचे वजन कळव.

नूतनआत्या

*

चिंचखार,
३ ऑगस्ट

ती. आत्यास नमस्कार.

उदबत्तीचा प्रयोग काल दुपारी केला. जे दिसलं ते असं:

चक्की फिरत असताना धूर सरळ वर न जाता आडवा झाला आणि तिरका खाली, वॉर्मर जिथे असतो तिथवर गेला. चक्की थांबवल्यावरही तसाच गेला. काही फरक नाही. भिंतीला मात्र फरक होता. चक्की फिरताना तळव्याला कंप लागतो, खाटेचा लोखंडी कठडासुद्धा थरथरतो; थांबवली की थांबतो.

गोदूबाई स्टुलावर बसून बघत होती. मी म्हटलं, "मावशी, वारा पंख्याचा नाही. पंख्याच्या तारेसाठी पाडलेल्या भोकाचा आहे. पंखा थांबवलात तरी येतच होता."

"म्हंजी वारा व्हता ना?"

"होता."

"उशाशी व्हता ना?"

"हो."

"मंग मी उदबत्ती न लावता काय सांगत व्हते गो दोन महिनं? तुमी शिकलेल्यांनी धूर केल्याबिगर तुमाला दिसत नाय!" असं म्हणून उरलेली उदबत्ती घेऊन गेली, म्हणाली, देवाला लावते, निदान त्याला कळेल.

मी पण दोन महिने त्या चिंध्यांकडे पाहून हसत होते, आत्या. बाळं थोडी थंड लागतात ते पावसामुळे असेल असं धरून चालले होते. फक्त तुमच्या नळीची चूक नाही.

नम्रताची मुलगी दोन किलो सहाशे. दूध नीट पिते.

भोक मी बुजवून घेईन. पण एवढ्याने भागणार नाही. चक्की डोक्यावर आहे तोवर ती गरगरणार, कठडा थरथरणार आणि बायांचा जीव धास्तावणार. किमयाला सतरा दिवस उरले.

तुमची
नमिता

*

रोहा,
६ ऑगस्ट

चि. नमिता,

चक्की गच्चीवरून हलवायची. छपरावर ती बसवणेच चूक होते. वारा इमारतीवर आपटून गढूळ होतो, चक्की हादरते, आणि तो हादरा भिंतीत उतरतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. तार लांबली की वाटेत वीज मरते, या एका कारणासाठी मी स्वतःचाच नियम मोडला आणि नकाशावर प्रसूतिकक्ष म्हणजे चार रेघांची एक चौकट मानली. त्यात कोणी झोपते, हे रेघांना माहीत नव्हते.

जाड तार ताजुद्दीनबरोबर पाठवत आहे, नवे आराखडे सोबत आहेत. जागेची खूण मात्र मी केलेली नाही. सोबतची चिठ्ठी गोदूबाईंना वाचून दाखव. सावकाश वाच, आणि मधले काही गाळू नकोस.

आशीर्वाद.

नूतनआत्या

[सोबतची चिठ्ठी]

गोदूवहिनी,

मी नूतन, वेशीपलीकडच्या घरची. तुम्ही लग्न होऊन गावात आलात तेव्हा मी पहिलीत होते.

तुम्ही म्हणालात, पंखा आला तेव्हापासून बाळंतिणीच्या उशाशी वारा येतो. ते खरे आहे. वारा पंख्यातून येत नव्हता. पंख्याची तार आत घेण्यासाठी मी भिंतीला पाडायला लावलेल्या भोकातून येत होता. भोक बुजवायचे लिहायला मी विसरले. एवढ्याच चुकीसाठी एकतीस वर्षे मी मुलांचे गुण कापले. तुमचे निदान चुकले, निरीक्षण नाही. माझे निरीक्षणच नव्हते.

दोरीला कुलूप मी लावले. त्यामुळे एक मुलगी रस्त्यावर जन्मली. ती माझी चूक आहे, नमिताची नाही.

भोक बुजवल्यावर तुमचा हात लावून पाहा. पंखा आता कुठे उभा करायचा ते तुम्ही ठरवा. वारा कुठे सरळ येतो ते मिठागरातल्या नाथाला विचारा. तुमच्या पसंतीची जागा झाली की माझी एकच विनंती राहील. बाळंतीण आत असताना दोरी ओढू नका. त्या वेळीच तिच्या बाळाला त्या पंख्याची सर्वांत जास्त गरज असते.

नूतन

*

चिंचखार,
२२ ऑगस्ट

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मुलगा. २० ऑगस्ट, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. वजन दोन किलो नऊशे. किमया ठीक आहे. आता सगळं क्रमाने सांगते, नाही तर तुम्ही गुण कापाल.

तुमची चिठ्ठी गोदूबाईने दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा वाचताना डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, "शिकलेली बाई 'चुकले' म्हणते? कागद खरा हाय ना गो?" चिठ्ठी घडी करून कमरेच्या बटव्यात, पानसुपारीत ठेवली. ती अजून तिथेच आहे.

जागेवरून मात्र भांडण झालं. ताजुद्दीनभाई वीस पावलांवर बांबू धरून म्हणाले, इथे खांब रोवू. गोदूबाई किमयाच्या आधी स्वतः खाटेवर आडवी झाली आणि तिथून ओरडली, "दिसतोय! हालवा." चाळीस पावलांवरून त्यांनी हाक मारली. "ऐकू येतोय!" शेवटी नाथा मिठागराच्या जुन्या बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या कोपऱ्यावर लावा. मिठाच्या कोंडीतलं पानी बघा ना, हिकडं गोल गोल फिरतंय, तिकडं सरळ रेघ धरून जातंय. वारा तसाच जातो. मीठ पिकवनाऱ्याला वाऱ्याचा रस्ता ठाव नसंल तर त्यानं खावं काय?" अठ्ठ्याहत्तर पावलं झाली. तार पुरली, दोन हात उरली. १३ आणि १४ तारखेच्या उघाडीत प्रणितने आणि मिठागरातल्या सहा जणांनी खांब उभा केला. नळी सिमेंटने बुजवली. मी उदबत्ती धरली. धूर सरळ वर. गोदूबाईने उदबत्तीकडे पाहिलंही नाही. ओला तळहात कोपऱ्यात धरला, बराच वेळ, आणि म्हणाली, "हां. आता नाय."

पुढचं तुम्हाला तक्त्यात दिसेलच, पण तक्त्यात माणसं दिसत नाहीत म्हणून लिहिते.

१८ तारखेपासून पावसाने झोडपलं. १९ ला सकाळी लाइन गेली. उधाणाचं पाणी वडखळच्या रस्त्यावर आलं, त्यात पेणहून निघालेले गणपतींचे टेम्पो अडकलेले. म्हणजे पेण नव्हतंच आम्हाला. दुपारी किमयाला कळा सुरू झाल्या. पॅनेलवर ढगच ढग, शून्य म्हटलं तरी चालेल (मीटरवर तीन होतं). बॅटरी सकाळी एकसष्ट टक्के होती, दुसऱ्या दिवशी उजाडता सदतीस. तीसला यंत्रणा बंद पडते. तिसरी वेळ.

तशात किमयाची आई आली. दारातून बांधाकडे बघून म्हणाली, "ता पंखा थांबवा आधी! पयलं गेलंय, आता ह्ये तरी जगू दे!" प्रणित माझ्याकडे बघतोय, मी मीटरकडे. किमया दात आवळून गोदूबाईकडे. आत्या, त्या क्षणी माझं सगळं ट्रेनिंग आणि तुमचे सगळे आराखडे एका म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते.

गोदूबाईने तळहात ओला केला. किमयाच्या उशाशी धरला. मग किमयाच्या आईचा हात ओढून तिथे ठेवला. "बघ. लागतोय वारा?"

"नाय."

"मंग तो बांधावरचा फिरू दे. पोराची चूल त्याच्यावर पेटते. आन् रडायचं असंल तर भायेर जाऊन रड, हिथं पोरगी जोर लावतेय."

वारा त्या सकाळी असा होता की बांधावरून नुसता घुमारा येत होता, खोलीत मात्र काही नाही. बाळ झालं तेव्हा बॅटरी छत्तीस. तासाभराने एकेचाळीस. वॉर्मर एकदाही थांबला नाही. बाळाचं तापमान छत्तीस पूर्णांक आठ. मी ते रजिस्टरात लिहिलं आणि मग स्टुलावर बसून खूप रडले. गोदूबाई म्हणाली, "तू पन भायेर जा."

तुमची
नमिता

*

रोहा,
१ सप्टेंबर

चि. नमिता,

आशीर्वाद. तुला, किमयाला, प्रणितला आणि ज्याचे नाव अजून ठरले नाही त्याला. आकडे नंतर पाहू.

आता आकडे. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंतचे तक्ते ताजुद्दीनने आज पोहोचवले. १५ ऑगस्टपासून पवनचक्की एक तासही थांबलेली नाही. यंत्रणा तिसऱ्यांदा बंद पडलेली नाही. आज सकाळी कार्यालयातून फोन आला: प्रसूतिकक्ष चालू राहील. खाडीकाठच्या आणखी दोन उपकेंद्रांसाठी त्यांनी आराखडे मागितले आहेत. मी होकार दिला आणि एक अट घातली. नकाशाला हात लावण्याआधी त्या गावची सुईण आणि मिठागरावरचा एक माणूस यांच्याशी अर्धा दिवस बोलू द्यावे. अधिकारी म्हणाले, लेखी द्या. लेखी तर मी देतेच.

वीस तारखेच्या सकाळच्या रकान्यात तुझे अक्षर गिचमीड आहे. त्याविषयी मी काही म्हणणार नाही.

मात्र एक विसंगती राहते. खांब हलवल्यानंतर ताजुद्दीनने सामानाची यादी केली आहे. त्यात चक्की थांबवणारी नायलॉनची दोरी नाही. विचारले, तर तो हसला आणि म्हणाला, सिस्टरना विचारा. वादळात ती लागेल. दोरी कुठे आहे?

नूतनआत्या

*

चिंचखार,
४ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुमचं पत्र मी गोदूबाईला वाचून दाखवलं. कक्ष चालू राहणार ऐकून ती उठली, खाटेवरची चादर बदलली, धुतलेली असूनही.

दोरी मिळाली. गौरी-गणपती पोहोचवून झाल्यावर परवा प्रणितच्या घरी गेले होते, तेव्हा दिसली. गोदूबाईने तिचे दोन भाग करून तुळईला पाळणा बांधला आहे. ताजुद्दीनभाईंनी गाठी मारून दिल्या; घसरत नाही म्हणे. मी म्हटलं, "मावशी, आत्या विचारतात, वादळ आलं तर?"

ती पाळण्याला झोका देत म्हणाली, "तिला लिव, वादळ आलं तर सोडून देईन. तवर मना दोरीचं दुसरं काम नाय."

किमया अजून खोलीच्या बाहेर येत नाही, सव्वा महिना व्हायचा आहे. त्यानंतर बारसं. तोवर तुमचा गुडघा बरा होईल. गोदूबाईने तुमच्यासाठी उपकेंद्रातलं ते स्टूल अडवून ठेवलं आहे. म्हणते, नूतन आली की तिला खाटेपाशी बसवीन, ओला हात कसा धरायचा ते शिकवीन.

तुमची
नमिता